बाईच्या लुगड्याचा रंग

"याच रंगनं लुगडं नेसाडजो बाईले. मी नही ऱ्हायनी तरी. दुसरा रंग नको."

सासूबाईंचे ते शब्द मनात घोळवतच रंजनानं पुडक्याची सुतळी सोडली आणि घरच्या देवीसाठी, कानबाईसाठी छापून घेतलेलं नवं लुगडं नणंदेच्या मांडीवर उलगडलं. रुक्मिणीनं पदराचं टोक धरून दारातल्या उजेडाकडे नेलं, उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग घडी घालायला लागली.

"काय झालं, आक्का?"

"हाऊ रंग नही."

रंजनाचा हात सुतळीवरच थांबला.

"डाळिंबाच्या दाण्यासारखं चमकतंय हे. आईचं लुगडं असं हसरं नव्हतं गं."

"तुम्हाला आठवतं ते?"

"माले याद नही. लहान होते मी. पन हाऊ नही, इतलं माले समजस."

खाटेवर बसलेला रंजनाचा नवरा वाल्मिक दाढीचा साबण कालवत हसला. "रविवारी बाई शेड-कार्ड घेऊन बसणार आहे का तुमची परीक्षा घ्यायला? लाल आहे ना? झालं तर मग."

"तू बोलू नको," रुक्मिणी म्हणाली. "नवस तुझ्या हातासाठी होता. माझा हात नव्हता गेला मशीनमध्ये."

वाल्मिकनं ब्रश खाली ठेवला. उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली. करंगळी अजून जरा मागं राहायची, पण बाकीची चार बोटं मागात दोरा ओवण्याइतकी सरळ झाली होती. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं असताना झाली होती.

त्या वेळी सासूबाईंनी कानबाईपुढे पदर पसरला होता. पोराची बोटं हलू देत, मी लग्न होऊन आले त्या वर्षी जे लुगडं नेसून तुझ्यापुढे बसले होते, त्याच रंगाचं तुला नेसवीन. ते लुगडं मात्र आता उरलं नव्हतं. खानदेश सोडून सुरतेला आल्यावर वाल्मिक जन्मला, तेव्हा फाडून त्याचीच दुपटी केली होती. धुऊन धुऊन त्या दुपट्यांची फडकी झाली आणि फडक्यांचं काय झालं ते कुणी सांगू शकलं नसतं. रंगाला नावही नव्हतं. विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "दाखव म्हंजे सांगसू."

रंजना कतारगामात छगनभाईंच्या डिझाइन स्टुडिओत कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करायची. रंग दाखवणं हेच तिचं काम. सासूबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा छगनभाईंनी त्यांचा नवा लॅपटॉप तिला घरी न्यायला दिला. "घरे बेसीने काम करो, बेन. पण सांभाळून, माझ्यापेक्षा नाजूक आहे." एका दुपारी तिनं तो पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि खाटेच्या कडेला बसून एकेक लाल रंग सासूबाईंपुढे धरला. त्या खाली, भिंतीला टेकून गोधडीवर. कितीतरी रंगांना त्यांनी नुसती मान हलवली. मग एकाएकी पाठ भिंतीपासून सुटली, बोट पुढे आलं.

"हाऊच. हाऊच रंग शे, पोरी."

रंजनानं तो रंग त्यांच्या नावानं लॅपटॉपमध्ये ठेवून दिला आणि त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं. गेल्या वर्षी त्या गेल्या; घरात सुतक, बाई बसवलीच नाही. यंदा बसणार होती. परवा, रविवारी. आणि छापून आलेलं लुगडं हे असं.

"आईंनी माझ्यासमोर बोट ठेवलं होतं, आक्का," ती हळूच म्हणाली. "मी मनानं नाही केलं."

"तू खोटं बोलतेस असं कुठं म्हणते मी?" रुक्मिणीनं घडी तिच्याकडे सरकवली. "पण बाईला नेसवताना माझ्या हातून निरी पडायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यापुढे दिवा लावल्याशिवाय रंजनानं नेहमीप्रमाणे पाण्याचा घोट घेतला नाही. दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं, पण बाई म्हणून पुजलेल्या नारळाकडे डोळे वर करून पाहणं काही तिला झालं नाही. कुणाला विचारायचं? ज्यांना विचारायचं, त्यांनी तर आपलं उत्तर देऊन ठेवलं होतं.

स्टुडिओत पोहोचली तर छगनभाई त्याच लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून दारातच उभे.

"चालो बेन, रिंग रोडच्या साडी मार्केटला. धनसुखशेठनी माल परत पाठवलाय. म्हणे हा रंग मी पास केलाच नाही. माझी शंभर वर्षं कमी झाली आज."

धनसुखशेठ आपल्या दुकानात पांढऱ्या गादीवर, लोडाला टेकून बसले होते. मार्केटमधले सगळेच शेठ असेच बसत. समोर छापून आलेल्या साड्यांचा ढीग, भडक लाल.

"छगन, ही साडी नेसून बाई रस्त्यावर उभी राहिली तर ट्रक थांबतील," ते म्हणाले. "मी मरून रंग पास केला होता. काळसर, घरंदाज."

"शेठ, देवाशपथ हाच होता! बेनला विचारा. खोटं बोलायचं नाही असं व्रत आहे तिचं."

शेठनी रंजनाकडे पाहिलं. तिनं खाली बघून सांगितलं, "हाच होता, शेठ. मी स्वतः दाखवला होता."

"एटले हुं खोटो? म्हणजे मीच खोटा?"

छगनभाईंनी तणतणत लॅपटॉप काढला, साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला, झाकण मागं कलवलं. दुकानात यायचे तेव्हा ते तसंच ठेवायचे आणि उभ्यानंच बटणं दाबायचे. रंजना त्यांच्या खांद्याशी उभी. पडद्यावर तोच रंग आला, ढिगातल्या साडीसारखाच लाल.

"हे बघा! आता बोला!"

"बघतोय ना," धनसुखशेठ लोडावरून न हलता म्हणाले. "मरून. मी काय म्हणत होतो?"

"मरून?" छगनभाईंचा आवाज चढला. "डोळे तपासा, शेठ!"

"माझे डोळे? बेन, इथं या. इथं बसा. तुम्ही सांगा, मरून आहे की नाही."

रंजना संकोचली. परक्या पेढीवर गादीवर बसायचं म्हणजे. मग पदर सावरून ती गादीच्या काठाला, खाली टेकली आणि मान वर केली.

खाली बसता बसताच रंग बदलला होता. लाल विझला, आत काळोख उतरला, जांभळट तपकिरी काहीतरी वर आलं. ती जरा उठली. लाल. पुन्हा बसली. मरून. छगनभाई वरून अजून ओरडत होते आणि शेठ खालून उत्तर देत होते, आणि दोघंही खरं बोलत होते.

"छगनभाई," ती म्हणाली, "तुम्ही पण बसा इथं."

"मी कशाला बसू?"

"बसा ना जरा."

ते कुरकुरत बसले. उठले, वाकले, पुन्हा बसले. धनसुखशेठ आधी गालात आणि मग पोट धरून हसायला लागले. "अरे छगन, उठबशा काढतोस की काय!" त्यांनी चहा मागवला. साड्यांचं काय करायचं याची बोलणी सुरू झाली, आवाज खाली आले.

रंजना मात्र जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे पत्र्याची पेटी आली, खाट आली. खाटेवर ती स्वतः. आणि खाली, भिंतीशी गोधडी.

"छगनभाई," तिनं विचारलं, "यात माझा एक जुना रंग आहे. बघू?"

"जुओ ने."

तिनं उभं राहून सासूबाईंच्या नावाचा रंग उघडला. डाळिंबी. काल रुक्मिणीच्या मांडीवर पडला होता तोच. मग ती हळूहळू खाली बसली, गादीवरून सरकून पार फरशीवर, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. सासूबाई बसायच्या तशी. पडद्यावरचा रंग तिच्यासाठी निवत, गडद होत गेला आणि एका ठिकाणी येऊन थांबला. हा तिनं कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी पाहिला होता.

चहा आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. छगनभाईंनी विचारलं, "बेन, तबियत?"

"बरी आहे. मला घरी जाऊ द्याल का लवकर?"

घरी रुक्मिणी बाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू निवडत होती. रंजनानं चपला काढल्या, हातपाय धुतले आणि तो रंग शोधत सरळ फळीवरचे डबे काढायला लागली. चिंचेचा गोळा उजेडात धरला, ठेवला. वांगं घेतलं, ठेवलं. लाल मिरची मोडून आतून पाहिली. मग वरणात टाकायचं आमसूल काढलं. वाळलेलं, काळं. तिनं ते स्टीलच्या छोट्या डबीत टाकलं, वर थोडं पाणी ओतलं आणि वाट पाहत बसली.

"काय चाललंय तुझं?" रुक्मिणी म्हणाली. "उपास आहे का आज? आमसूल कशाला भिजवतेस?"

रंजनानं सांगितलं. फार नाही. आई खाली बसल्या होत्या आणि मी वर, एवढंच.

रुक्मिणीच्या हातातलं सूप थांबलं. थोड्या वेळानं ती उठून आली आणि रंजनाच्या शेजारी डबीवर वाकली. आमसूल फुगलं होतं. दुमडलेली कड उलगडली होती आणि दारातला उजेड तिच्यातून आरपार दिसत होता. रुक्मिणी बघत राहिली. तिचा हात आपसूक स्वतःच्या पदराकडे गेला आणि बोटांनी त्याचं टोक चोळलं, लहान मूल आईच्या कडेवर बसून चोळतं तसं.

"हाऊच," ती पुटपुटली.

रंजनानं डबीला झाकण लावलं नाही. लावलं असतं तर वाटेत तिला तो रंग दिसला नसता. डाळिंबी लुगडं पिशवीत घातलं, पिशवी काखोटीला मारली. कतारगामच्या टोकाला कढईत कापड बुडवून देणारा रंगारी होता. आहे त्याच लुगड्याला आणखी एक बुडी दिली तर ते हवं तिथवर गडद होईल आणि उद्या दुपारपर्यंत वाळेलही.

"मी येऊ?" रुक्मिणीनं विचारलं.

"तुम्ही गहू आटपा, आक्का. निरी तुम्हालाच घालायची आहे."

देव्हाऱ्यापुढून जाताना रंजना थांबली आणि तिनं बाईच्या नारळाकडे वर पाहिलं. मग उंबरा ओलांडून, डबीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी ती धरून, गल्लीच्या कडेकडेनं सावकाश चालू लागली.