गांडुळांची बादली

मी एक जुनी, फुटकी बादली आहे. हसू नका, मित्रांनो! माझ्यात पाणी राहत नव्हते म्हणून मला शाळेच्या अडगळीत टाकले होते. तिथून विज्ञानाच्या बाईंनी मला उचलले आणि तापलेल्या खिळ्याने माझ्या बुडाला आणखी भोके पाडली. मला वाटले, संपले सारे! पण त्यांनी माझ्यात ओली माती आणि वाळका पाला भरला आणि वर मूठभर गांडुळे सोडली.

"ई!" एक मुलगी किंचाळली. ती सगळ्यालाच 'ई' म्हणायची, म्हणून वर्गात तिचे नाव ईताई.

मधल्या सुट्टीत मुले डब्यातल्या फळांच्या साली मला देत. एकदा मला फार वास येऊ लागला. बाईंनी उत्तर सांगितले नाही. "तुम्हीच शोधा की," म्हणाल्या. ईताईने नाक दाबून माती मुठीत पिळली, तर पाणी टपटपले. तिने सुका पाला मिसळला आणि वास गेला. त्या दिवसापासून ती माझी मालकीणच झाली. सालींची काळीभोर माती होताना ती डोळे विस्फारून पाही, आणि मी आनंदाने फुलून जाई.

मग शाळेत पाहुणे येणार असे ठरले. विज्ञानाच्या बाई तेव्हा रजेवर होत्या. मोठ्या बाई वर्गात येऊन म्हणाल्या, "उद्या वास आला ना, तर ही बादली थेट कचऱ्यात जाईल हं!" ईताईचा चेहरा उतरला. मला वाचवायचे म्हणून तिने झाकणभर फिनेल आणले आणि माझ्यात ओतले. माझ्या पोटातली वळवळ हळूहळू थांबली. मला ओरडताही येईना.

पाहुण्यांनी वाकून वास घेतला. "वा, किती स्वच्छ!" म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात ईताईने.

बाई रजेवरून आल्या तेव्हा तिने माती उकरली. "बाई, ही हलत का नाहीत?"

बाईंना फिनेलचा वास आला. त्यांनी तिला जवळ घेतले. "ती काय खातात ते मी शिकवलं गं. कशाने मरतात ते सांगायचंच राहिलं."

आता मी कोपऱ्यात रिकामी आहे. बाई म्हणतात, नवी गांडुळे आणू. ईताई नको म्हणते. मित्रांनो, कोणताही जीव सांभाळायला घ्याल, तेव्हा त्याला काय सोसत नाही हे आधी विचारा. आणि ईताई भेटली, तर माझा तिच्यावर राग नाही, एवढे तिला सांगा. केळ्याची साल हातात घेऊन ती माझ्यापाशी येते, थबकते आणि परत जाते. हल्ली ती कशालाच 'ई' म्हणत नाही.