न जुळणारा कोपरा

सुरतच्या डिंडोली भागातल्या शालिग्रामने सागाच्या आठ तुकड्यांचा, सहा बाजूंना सहा रंगांचा फिरवायचा ठोकळा बनवला होता. आत खिळा नव्हता की स्क्रू. तुकडे लोहचुंबकांनी धरलेले. चुंबक खोबणीत सैल होते. बाजू फिरवली की ते आतल्या आत वळत, समोरच्याला ओढून घेत आणि 'टक्' असा आवाज येई.

एकदा गंमत म्हणून त्याने एक कोपरा उपटला, जागेवरच वळवून परत बसवला आणि बायकोला, चंचलला म्हणाला, "आता जन्मभर फिरव, सगळे रंग जुळणारच नाहीत. गणितच तसं आहे."

प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली, तेव्हा दोघं कुलूप लावून अमळनेरला गेले. परतले तर कुलूप जसंच्या तसं, आणि फळीवरच्या ठोकळ्याचे सगळे रंग जुळलेले.

"जाताना तुम्हीच केलं असेल," चंचल म्हणाली.

"नाही गं." शालिग्रामने तिच्यासमोर तोच कोपरा उपटून पुन्हा वाकडा बसवला. मग दोघं जेवायला बसले.

घास हातात असतानाच फळीवर 'टक्' झालं. कोपरा सरळ झाला होता.

"कोणी उपटल्याशिवाय हे होत नाही," शालिग्राम हळूच म्हणाला.

चंचलने आठही तुकडे सोडवून खोलीभर लांब लांब ठेवले. ताटं तशीच टाकून दोघं भर उन्हात ओट्यावर येऊन बसले. आतून टकटक ऐकू येत राहिली.

संध्याकाळी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी सामान काढलं. फळीवर पुन्हा अखंड झालेल्या ठोकळ्याला कोणी हात लावला नाही. तो तिथेच ठेवून ते सुरतच्याच पर्वत पाटिया भागात राहायला गेले.