पश्चात्तापपात्र

रसायनशास्त्राच्या बाईंना अख्खी शाळा ‘थांबाबाई’ म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चंबू गरम आहे, थांबा. स्फटिक बसतायत, थांबा. घरी नवऱ्याला चहासुद्धा निवल्याशिवाय पिऊ देत नाहीत, अशी वदंता होती.

त्यांचा सगळ्यांत कडक नियम मात्र सिंकपाशी होता. तळाला तोटी असलेल्या नरसाळ्यात तेलकट थर आणि पाण्याचा थर वेगळे झाले, की पोरं नेमका हवा तो थर फेकतात आणि नको तो जिवापाड जपतात. म्हणून बाईंनी सिंकमध्ये एक दांडगं चंचुपात्र ठेवलं होतं. जे फेकायचं ते त्यात ओतायचं, आणि घंटा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पोरांनी त्याचं नाव ठेवलं पश्चात्तापपात्र.

प्रयोगशाळेला लागूनच मुख्याध्यापकांची खोली होती, आणि सगळं दुखणं तिथेच होतं. मागच्या सत्रात बाईंनी अननसाच्या वासाचा पदार्थ करायला घेतला आणि त्याला लागणारं आम्ल कुणाच्या तरी हातून सांडलं. त्या आम्लाला खवट लोण्याचा वास येतो. तो मुख्याध्यापकांच्या फायलींत, कोटात, आणि त्यांच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मिशीतही मुक्कामाला राहिला. तेव्हापासून ते एकच धोशा लावून होते: हे सेंद्रिय प्रयोग बंद करा, पोरांना व्हिडिओ दाखवा.

“एकदा येऊन बघा, सर,” बाई शेवटी म्हणाल्या. “या खेपेला केळ्याचा वास. नाही जमलं तर बंद करा.”

बोलून बसल्या खऱ्या, पण घास गोड लागेना. हात न भाजता, काच न फोडता पोरं रसायन शिकणार कशी? बाईंचा जीव या खोलीत होता, आणि तो आता केळ्याच्या वासावर टांगला होता.

त्या दिवशी सिंक आरशासारखं घासून घेतलं. “ते भांडंही उचल तिथून,” बाईंनी एका मुलीला फर्मावलं. ही वर्गाची ‘वकील’. कुठल्याही सूचनेवर हरकत घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“पण बाई, नियम...”

“आज नियम राहू दे. सर येतायत.”

सर आले ते नाकाला रुमाल लावूनच. मिश्रण पोरांनी आदल्या दिवशीच उकळून ठेवलं होतं. आता ते धुवून शुद्ध करायचं होतं. बाईंनी ते नरसाळ्यात ओतलं, आंबट वास मारायला सोड्याचं पाणी घातलं, हलवलं, तोटी उघडून वायू फुस्सकन सोडला. थर छान वेगळे झाले.

“हे सगळं व्हिडिओत नीट दिसतं, बाई,” सर म्हणाले.

इथेच घोडं अडलं. बाई त्यांना उत्तर द्यायला वळल्या आणि काम हातांवर सोपवलं. सकाळच्या तुकडीचा पदार्थ पाण्याहून जड होता, त्यामुळे तेव्हा माल खाली बसला होता; केळ्याचा मात्र पाण्यावर तरंगतो. हातांना सकाळचंच ठाऊक. त्यांनी खालचा थर स्वच्छ चंबूत उतरवला आणि वरचा, बोलता बोलता, न बघता सिंककडे उपडा केला. मग चंबूत ओलावा शोषणारे दाणे टाकले. ते साखरेसारखे विरघळून गेले. बाईंनी चंबू हुंगला. कसलाच वास नाही.

वास येत होता सिंककडून. ताज्या, पिकल्या केळ्यांचा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रसायन जुनं होतं, हवा दमट आहे, अशा सबबी बाईंच्या जिभेवर येऊन गेल्या.

“सर,” बाई म्हणाल्या, “माल मी फेकला. चंबूत नुसतं सोड्याचं पाणी आहे. चूक माझी.”

वकील तेवढी उठली, सिंकपाशी गेली आणि दोन्ही हातांनी काहीतरी उचलून आणलं. लख्ख घासलेलं पश्चात्तापपात्र होतं, आणि तळाशी तेलकट, वासाचा थर.

“उचल म्हटलं होतं ना तुला?”

“उचललं होतं, बाई. घासून परत ठेवलं,” वकील म्हणाली. “घंटा होईपर्यंत काही टाकून द्यायचं नाही, असं तुम्हीच सांगता. मला वाटलं, नियमही त्यातच आला.”

बाईंनी तो थर पुन्हा नरसाळ्यात घेतला, खाली उरलेलं पाणी आणि पहिल्या चंबूतलं सोड्याचं पाणी पात्रात ओतलं, आणि माल कोरड्या चंबूत घेऊन त्यात नवे दाणे घातले. हे दाणे विरघळले नाहीत. वरचा द्रव हळूहळू नितळला.

मुख्याध्यापकांनी रुमाल खिशात घातला आणि ते चंबूवर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

“व्हिडिओत कधी चुकीचा थर फेकतात का हो, बाई?”

“नाही, सर.”

“मग त्यात पोरं शिकणार काय?” ते म्हणाले आणि दाराकडे निघाले. “लोणी तेवढं आणू नका परत.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते ॲप्रनच्या बाहीला पुसले, आणि सोडा डोळ्यांत गेला असं सांगितलं. घंटा झाली. वकील पात्र घेऊन सिंकपाशी उभी होती.

“आता ओतू, बाई?”

“थांब,” बाई म्हणाल्या. “आधी एकदा बघू दे.”