काचेच्या कपाटातली तिसरी जागा

माझ्या ताईच्या सासरी दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. त्यात भाऊजींच्या आजोबांची कवळी आहे आणि तिच्या शेजारी वडिलांची. दोघांचेही दात पन्नाशीच्या आत गेले. पाहुण्यांना आधी कवळ्या दाखवतात, मग फोटो. शेजारची तिसरी जागा मोकळी असून ती दर शनिवारी पुसली जाते.

भाऊजी शहराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. हे वाद्य वरच्या पुढच्या दातांना टेकवून वाजवावं लागतं. गेल्या हिवाळ्यात त्यातला एक दात हलू लागला आणि त्याच्याबरोबर सूरही. बँडमास्तर सभ्य माणूस. म्हणाले, "तीन महिन्यांनी पुन्हा ऐकतो. नाहीच जमलं तर मोठा ढोल आहे. त्याला दात लागत नाहीत."

तीस वर्षं पहिल्या रांगेत बसलेल्या भाऊजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सिगारेट गेली. ती चावावी लागत नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजली.

"सिगारेट ओढता?"

"ओढतो. पण हिरड्या ठणठणीत आहेत हो! ब्रश केला की हिच्या हिरड्यांतून रक्त येतं, माझ्या नाही."

"धुरानं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून दिसत नाही. आत पोखरणं चालूच आहे." मग बाईंनी सांगितलं, की काही घराण्यांत हिरड्यांचा रोग पटकन बळावतो, तशी तपासणीही करता येते, पण अशा माणसानं सिगारेट ओढली तर...

भाऊजी "पण"च्या आधीच तपासणीची खोली शोधायला निघाले होते.

अहवालात घराण्याचा दोष निघाला. भाऊजींनी तो लॅमिनेट करून घेतला. निर्दोष सुटल्याच्या थाटात तो बँडमास्तरांना दाखवला, न्हाव्याला दाखवला, मलाही दोनदा दाखवला.

"आता मी काय करणार? वरूनच आलंय!"

ताईनं तोंड उघडलं की ते अहवाल पुढे करत आणि मोकळ्या मनानं पुढची पेटवत. दात आता बोलतानाही हलू लागला.

अशात भाऊजींची थोरली बहीण, अक्का, राहायला आली. अक्का शिवणकाम करते आणि साठीतही दोरा दातानंच तोडते. धाकट्याकडे अहवाल आहे आणि आपल्याकडे नाही, हे तिला सहन होईना. तिनंही तपासणी करून घेतली. दोष तोच निघाला, शब्दाला शब्द.

भाऊजी चक्रावले. "अक्का, मग तुझे दात कसे राहिले गं?"

"मला बाबांनी लायटर कुठे दिला?"

त्या घरात पहिल्या पगाराच्या दिवशी बाप मुलाला आपला चांदीचा लायटर देतो. आजोबांनी वडिलांना दिला, वडिलांनी भाऊजींना. अक्काचा पहिला पगार भाऊजींच्या चार वर्षं आधी झाला होता. तिला हातरुमाल मिळाला.

"मुलगी म्हणून डावललं मला," अक्का दोरा तोडत म्हणाली. "इतकी वर्षं बाबांच्या फोटोकडे बघितलं नाही. आता हार घालीन म्हणते."

भाऊजींनी हातातली सिगारेट विझवली. पुढचे पंधरा दिवस ते सगळ्यांवर खेकसले. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या खोलवर साफ केल्या, हलता दात बारीक तारेनं शेजाऱ्यांना बांधला आणि कसलंही वचन दिलं नाही.

तीन महिन्यांनी बँडमास्तरांनी ऐकलं. दोन ठिकाणी सूर घसरला, बाकी टिकला.

"बसा पहिल्या रांगेत," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी परत ऐकीन."

घरी येऊन भाऊजींनी कपाट उघडलं आणि मोकळ्या जागी लायटर ठेवला. परवा एका पाहुण्यानं विचारलंच, "कवळ्यांमध्ये हा लायटर कशाला?"

"त्या दोन्ही यानंच आणल्या," भाऊजी म्हणाले आणि खिशातला लॅमिनेट केलेला अहवाल लायटरखाली सरकवला.