प्रश्नाविना मंजुरी

माझी बायको गेली त्या सकाळी तिचा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी आणि मेहुणी बसलो होतो. फोन थरथरला म्हणून काढून पाहिला. मेसेज तिच्या ऑफिसमधल्या मुलाचा होता. त्याला ती घरी घाईबाबा म्हणायची. लिहिलं होतं, "मंजुरी मिळाली, आभार ताई. आजही प्रश्न नाही. नशीब उघडलं माझं."

मी तो मेहुणीला दाखवणार तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला तेव्हाच मला कळलं. पुढे ते काय बोलले ते मेहुणीने ऐकलं, मी नाही.

तो मेसेज मात्र डोक्यातून जाईना. आदल्या दिवसापासून हिच्या घशात नळी होती. नळी ओढून काढू नये म्हणून हात कापडाने खाटेला बांधलेले होते. मग तिने मंजुरी दिली कशी?

मी लोकांना गाडी शिकवतो. माझ्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. लग्न झाल्यावर मी हिला विचारलं होतं, तू ऑफिसात नक्की करतेस काय? ती म्हणाली, "तुझंच काम करते. चालवतं दुसरं कोणी, ब्रेक माझ्या पायाशी." मला तेवढं पुरलं.

त्यांचं ऑफिस लहान. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीसाठी ते सॉफ्टवेअर लिहितात. दार किती वेळ उघडं राहावं, मध्ये काही आलं तर मागे कसं फिरावं, असलं सगळं. कोणी त्यात एक ओळ जरी बदलली तरी दुसऱ्या माणसाने ती वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही, असा नियम. बदल कोणी केला, कोणी तपासला, काय बोलणं झालं, ते सगळं एका मशीनमध्ये नोंदलं जातं. हे मशीन त्यांच्याच ऑफिसात, पूर्वी झाडू-बादल्या ठेवायच्या त्या खोलीत आहे. बाकीचे लोक असला कोड इंटरनेटवर कुठल्यातरी कंपनीकडे ठेवतात. हिच्या साहेबांचा मात्र बाहेरच्या कोणावर काडीचा विश्वास नाही. "आपलं सामान परक्याच्या घरात कशाला?" म्हणून त्यांनी हिच्याकडून सगळं आपल्या मशीनवर बसवून घेतलं. त्याची देखभाल हीच करायची. लोकांच्या लग्नात जेवायला बसली तरी फोन करून विचारायची, खोलीतला एसी चालू आहे ना.

आणि तिची एक सवय होती. कितीही साधा बदल असो, एक प्रश्न विचारल्याशिवाय ती मंजुरी द्यायची नाही. दार मिटताना वीज गेली तर? कुत्रा आत आणि मालक बाहेर असेल, मध्ये नुसता पट्टा असेल, तर दाराला तो दिसेल का? ऑफिसात त्याला "ताईंचा प्रश्न" म्हणायचे. घाईबाबा तर म्हणायचा, ताईंना स्वर्गाचं दार उघडून दिलं तरी आधी विचारतील, मिटतं कसं.

म्हणून "आजही प्रश्न नाही" हे वाक्य मला खुपत होतं. त्यातला "आजही" तर जास्तच.

साहेब घरी भेटायला आले ते बऱ्याच दिवसांनी. चहा घेतला, फोटोकडे पाहून हात जोडले.

"आम्हाला काहीच कळलं नाही हो," ते म्हणाले. "त्या आजारी आहेत हेच माहीत नव्हतं. घरून काम करते म्हणाल्या, आम्ही करा म्हटलं."

मला हे पटलं नाही. ही मला म्हणाली होती, ऑफिसला सगळं सांगितलंय. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि ती तर आता बोलायला राहिली नव्हती.

"त्यांचा लॅपटॉप तेवढा हवा होता," साहेब म्हणाले. "ऑफिसचा आहे. आणि त्यांनी कुठे पासवर्ड वगैरे सांगून ठेवलेत का?"

"एवढी घाई कसली?" मेहुणी मध्येच म्हणाली.

साहेबांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं. एका इमारतीत लिफ्टचं दार एका बाईंच्या हातावर मिटलं. मनगट मोडलं. लिफ्टच्या कंपनीने विचारलंय, बदल कोणी केला आणि तपासला कोणी. केला त्या पोराने, म्हणजे घाईबाबाने. तपासणारीचं नाव हिचं.

"कधीची मंजुरी?" मी विचारलं.

त्यांनी तारीख सांगितली. ती गेली तीच.

"त्या सकाळी तिच्या घशात नळी होती, साहेब."

"मशीनमध्ये जे आहे ते मी सांगतो," ते म्हणाले. "मशीन कशाला खोटं बोलेल? आणि आता त्यांना त्याचा काय त्रास? अहवालात नाव जाईल, विषय मिटेल."

ते गेल्यावर मेहुणी कप उचलताना म्हणाली, "भाऊजी, लॅपटॉप देऊ नका. चहा पीत होता, पण डोळे कपाटावर होते त्याचे. मेलेल्या माणसाच्या नावावर खपवायचं, सोपं आहे. ती उठून भांडायला येणार नाही."

मला वेगळं काही वाटत नव्हतं. फक्त साहेबांपेक्षा माझा संशय घाईबाबावर जास्त होता. चूक त्याची, मंजुरी हवी होती त्याला, आभार मानणारा तोच. हिचा पासवर्ड त्याला माहीत असणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळचे शिकाऊ सोडले आणि तडक ऑफिस गाठलं. लॅपटॉप मुद्दाम घरीच ठेवला.

घाईबाबा त्या मशीनच्या खोलीतच होता. दोन खुर्च्या कशाबशा मावतील एवढी ती जागा, पंख्यांचा सारखा घरघर आवाज. मला पाहून तो उठला.

"भाऊजी, बसा ना. मी घरी येणार होतो, पण..."

"पण धीर झाला नाही."

"हो."

"मला ती मंजुरी दाखव."

त्याने पान उघडलं. डाव्या बाजूला लाल ओळी, म्हणजे काढलेल्या. उजवीकडे हिरव्या, म्हणजे घातलेल्या. खाली हिचं नाव, शेजारी हिरवी खूण, आणि दोन शब्द: "ठीक आहे."

"हे तिने लिहिलंय?"

"नाव त्यांचंच आहे."

"मी नाव विचारलं नाही. तू तिच्याबरोबर एवढी वर्षं काम केलंस. ती असं लिहायची?"

मी म्हटलं, जुनं एखादं काढ. त्याने काढलं. तिथे हिचा भलामोठा प्रश्न, त्याचं उत्तर, तिचा उलट प्रश्न, शेवटी त्याचं "ताई, मी हात टेकले", आणि मग मंजुरी. ते वाचताना मला तिचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. मी नजर भिंतीकडे वळवली.

"मग हे 'ठीक आहे' कोणाचं?" मी म्हटलं. "तुझं?"

त्याचा चेहरा उतरला, मग तापला. "मी ताईंच्या नावाने मंजुरी दिली असं म्हणताय? भाऊजी, मी घाईत असतो, पण चोर नाही. थांबा, कुठून आली तेही दिसतं. बघाच तुम्ही."

तो टाइप करायला लागला. मी त्याच्या बोटांवर नजर ठेवून होतो. काही पुसतोय की काय, मला तरी काय कळणार होतं. पण पाहत होतो.

एकाएकी त्याची बोटं थांबली.

"ही कुठल्याच लॅपटॉपवरून आलेली नाही," तो म्हणाला. "माझ्या नाही, त्यांच्याही नाही. इथूनच आलीय. या मशीनमधूनच."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे एक छोटा प्रोग्राम चालू आहे. बदल येऊन पडला, मशीनच्या आपल्या चाचण्यांत पास झाला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ताईंनी बघितला नाही, की हा त्यांच्या नावाने 'ठीक आहे' लिहितो. त्या गेल्यापासून आम्ही नवा बदल टाकलाच नाही, म्हणून लक्षात आलं नाही."

"कोणी बसवला?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. बसवणारीचं नाव हिचं होतं. तारीख पाहिली. तिचे उपचार सुरू झाले तो आठवडा.

मी विचारलं, हेही कोणी तिच्या नावाने केलं नसेल कशावरून? त्याने प्रोग्रामच्या वरची ओळ दाखवली. तिथे तिने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: "बरी झाले की हे काढणे. लाल पट्टी साहेबांकडे जाऊ नये म्हणून."

लाल पट्टीचं त्यानेच सांगितलं. दोन दिवसांत तपासणी झाली नाही तर साहेबांना लाल पट्टी दिसते. तिचं काम फार हळू चालतं, असं साहेब आधीच म्हणत होते. तिच्या जागी दुसरं कोणी पाहावं असं एकदा सगळ्यांसमोर बोलून गेले होते. हे तिने घरी कधी सांगितलं नाही. त्या महिन्यांत ती दुपारी झोपायची आणि मला वाटायचं, चला, विश्रांती तरी घेते.

म्हणजे साहेब खरं बोलत होते. ऑफिसला तिने सांगितलंच नव्हतं. ज्या एका माणसावर मी संशय घेतला नव्हता, तिथेच सगळं येऊन थांबलं.

"इतके महिने तिने एक प्रश्न विचारला नाही," मी घाईबाबाला म्हटलं. "तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना." तो खाली बघत म्हणाला. "बरं वाटलं. म्हटलं, आता ताईंचा आपल्यावर विश्वास बसला." मग म्हणाला, "धुळीने दार उगाच मागे फिरायचं, म्हणून मध्ये काहीतरी आलंय असा सेन्सरचा क्षणभराचा इशारा मी सोडून द्यायला लावला. ताईंनी विचारलंच असतं, धूळ आणि बोटं यातला फरक दाराला कसा कळणार. मी स्वतः विचारला नाही. विचारायचं काम त्यांचं होतं."

साहेब आले. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि दार लोटून घेतलं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"आपल्या तिघांना," घाईबाबा म्हणाला.

"मग असं करू. मशीन आपलं, खोली आपली. हा प्रोग्राम काढून टाकू, ती मंजुरीही काढू. अहवालात लिहू, मशीनमध्ये तांत्रिक बिघाड होता." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या मिसेसचं नाव कुठेच येणार नाही. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

मला तेच हवं होतं. त्याचसाठी आलो होतो. मी हो म्हणायला तोंडही उघडलं. पण विचारलं भलतंच.

"अशी 'ठीक आहे' अजून किती आहेत?"

घाईबाबाने शोधलं. पान खाली सरकायला लागलं आणि सरकतच राहिलं.

"हे सगळे बदल कुठे आहेत आता?"

"लिफ्टमध्ये," तो म्हणाला. "चालू आहेत."

"चाचण्या पास झालेत सगळे," साहेब म्हणाले.

"हातावर मिटलं तेही दार पास झालं होतं," मी म्हटलं.

मग त्यांना सांगितलं, "माझ्या गाडीत मी मागे टेकून झोपलो आणि शिकाऊने कोणाला उडवलं, तर ब्रेकमध्ये बिघाड होता असं मला लिहिता येत नाही. बिघाड नव्हताच. पाय नव्हता. तिचं नाव आहे तिथे राहू द्या. आजारी होती आणि तुम्हाला घाबरून लपवत होती, हेही लिहा. पण हे बाकीचे आधी तपासा."

"घाबरून वगैरे मी लिहिणार नाही," साहेब म्हणाले.

"मग मी लिफ्टवाल्यांकडे जाऊन तोंडी सांगतो. लॅपटॉप माझ्याकडे आहे."

लॅपटॉपमध्ये काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं, आणि विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. ते खुर्चीत बसले आणि मी उभा असतानाच अहवाल टाइप केला. घाबरून हा शब्द त्यांनी घातला नाही. आजार घातला, प्रोग्राम घातला, तिचं नाव घातलं. मी दोनदा वाचला. घाईबाबाने तो प्रोग्राम बंद केला तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. तिने शेवटचं लिहिलेलं तेच होतं. उतरताना मी जिन्याने उतरलो.

ज्यामुळे मनगट मोडलं तो बदल लिफ्टच्या कंपनीने मागे घेतला. बाकीच्या बदलांपुढची हिरवी खूण काढून "तपासणी बाकी" असं लिहिलंय. घाईबाबाला स्वतःचं काम तपासता येत नाही, तो नियम आहे. साहेब म्हणतात, नवा माणूस शोधतोय. खरंच शोधतायत की माझ्या तोंडावर सांगतायत, कोण जाणे. मी दर सोमवारी घाईबाबाला फोन करून विचारतो. लॅपटॉप अजून दिलेला नाही.

ते बदल लिफ्टमध्ये चालू आहेत. त्यातला एकही अजून कोणी तपासलेला नाही.