घाईची खंजिरी

अंगणात वीज नव्हती, हीच सगळी पंचाईत. इमारतीमागच्या त्या अंगणात झाड होतं, बाकं होती, मुलांना हुंदडायला जागा होती. नव्हता तो फक्त प्लग. सगळ्यात जवळचा प्लग तळमजल्यावर मिस अर्नेस्टाइनच्या स्वयंपाकघरात, टोस्टरशेजारी. तेव्हा ओपलच्या पाचव्या वाढदिवसाला गाणी वाजणार की नाही, हे त्यांच्या खिडकीतून बाहेर येणाऱ्या एका नारिंगी वायरवर अवलंबून होतं.

मार्वाला गाण्यांचं एवढं काही नव्हतं. तिला धास्ती होती ती मिस अर्नेस्टाइनची. ब्राँक्समध्ये पोरं सांभाळणाऱ्या बायकांना तोटा नाही, पण लेकीसाठी तिने बघितलेल्या पहिल्या घरी दिवसभर टीव्ही चालायचा आणि दुसऱ्या घरी जिन्याचं दार सताड उघडं असायचं. मिस अर्नेस्टाइनकडे ओपल जायला लागली आणि ऑफिसात बसल्याबसल्या दर घटकेला घरी फोन करायची मार्वाची सवय हळूहळू सुटली. जिच्या छातीत कायम धाकधूक, तिला हे सुख केवढं! ते हातचं जाऊ नये एवढंच तिचं मागणं होतं.

आणि मग ओपलने तोंड उघडलं.

संध्याकाळी मार्वा तिला न्यायला आली, तर मिस अर्नेस्टाइन कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या.

"हे काय ऐकते मी? पोरगी म्हणते, वाढदिवसाला तिचा आजोबा, तो पॉप-पॉप, हिप-हॉप वाजवणार. माझ्या खिडकीखाली?"

"तसं नाही हो, मिस अर्नेस्टाइन. माझे सासरे ते जुनंच काहीतरी..."

"जुनं-नवं मला नको सांगूस. मी इथेच होते तेव्हा. बागेत रात्रभर धडाम धडाम, दिव्याच्या खांबातून चोरलेली वीज, आणि सकाळी चर्चला निघावं तर रस्त्याभर बाटल्या. शिवीगाळ, मारामाऱ्या, उघड्या मांड्या. दुसरं काय असतं त्यात? तेव्हापासून देवाला विनवतेय मी, हा धुडगूस थांबव म्हणून."

"मी सांगते त्यांना."

"सांग. वायर देईन, पण माझा हात प्लगवर असेल. आणि ते सुरू झालं, तर सोमवारपासून पोरीसाठी दुसरं घर बघ. ज्या घरात ते वाजतं, त्या घरचं पोर मी सांभाळत नाही."

मिस अर्नेस्टाइनचा तिला रागही येईना. कॉलेजात पहिल्याच दिवशी खोलीतल्या मुलीने तिला विचारलं होतं, "ब्राँक्सची? हिप-हॉप जन्मलं तिथली? म्हणजे तू रॅप करतेस?" आणि नंतर हळूच आपल्या कपाटाला कुलूप लावून घेतलं होतं. तेव्हापासून मार्वा गाणी ऐकायची ती कानात इअरफोन घालून. अजूनही ओपलच्या शाळेजवळ आली की गाडीतला आवाज तिचा हात आपोआप कमी करायचा.

रात्रीची भांडी आवरली तशी तिने सासऱ्यांना गाठलं. पॉप्स म्हणजे सायरस. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, पण मिसरूड फुटायच्या वयात बागेतल्या त्या धडाम धडाममागे बहुतेक वेळा तेच असायचे.

"पॉप्स, एक शब्दही नको हं."

"कसला?"

"रॅपचा."

"शब्द माझ्याकडे होतेच कधी, पोरी? बोलणारे वेगळे. मी रेकॉर्डी फिरवायचो."

"मग काय वाजवणार ते आधी दाखवा मला."

पॉप्सनी पलंगाखालून खोकं ओढलं. मार्वाने एक रेकॉर्ड काढली, दुसरी काढली. सगळ्यांच्या मधोमध, जिथे गाण्याचं नाव असतं, तिथे नुसता खरवडलेला काळा गोल.

"नावं कुठे गेली?"

"बाथटबात," पॉप्स अभिमानाने म्हणाले. "गरम पाण्यात भिजत घालायच्या, कागद आपोआप सुटतो. आई ओरडायची, आम्ही अंघोळ कुठे करायची म्हणून! पण नाव ठेवलं असतं, तर पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी माझ्या खांद्यावरून वाचलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. मग माझा तुकडा माझा कसला राहतोय?"

तुकडा म्हणजे गाण्यातली ती जागा, जिथे गाणारे-वाजवणारे सगळे गप्प होतात आणि नुसता ड्रम बोलतो. एकच रेकॉर्ड दोनदा विकत घ्यायची, शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन प्लेअरवर एकेक लावायची, इकडचा तुकडा संपला की तिकडचा सुरू. असा तो चिमुकला तुकडा पॉप्स नाचणाऱ्यांचे गुडघे थकेपर्यंत लांबवायचे.

"पण मग मला कळणार कसं, कशात काय आहे ते?"

"कान आहेत ना देवाने दिलेले?"

बिनलेबलच्या बाटलीतलं औषध कुठली आई पोराला देईल?

शनिवारी दुपारी नवरा लिऑन कोंबडी भाजत होता. ओपल कागदी मुकुट घालून फिरत होती. आणि मिस अर्नेस्टाइन? त्यांनी मोठं भांडं भरून मॅकरोनी-चीज पाठवलं होतं आणि स्वतः खिडकीत खुर्ची टाकून, एक हात टोस्टरशेजारी ठेवून बसल्या होत्या. मार्वाचा एक डोळा ओपलवर, दुसरा त्या हातावर.

पॉप्सनी शब्द पाळला. हळुवार जुनी प्रेमगीतं लावली. मिस अर्नेस्टाइनचं डोकं डोलायला लागलं. मुलं मात्र कंटाळली, एकमेकांवर सरबत उडवू लागली.

"पॉप-पॉप, हे झोपायचं गाणं आहे!" ओपल ओरडली. "नाचायचं लाव ना!"

पॉप्सनी मार्वाकडे पाहिलं. तिने मान हलवली: नाही. त्यांनी ओपलकडे पाहिलं. तिचा मुकुट कानावर घसरला होता.

"शब्द नाहीत गं यात," ते पुटपुटले, आणि हात खोक्याच्या तळाशी गेला.

ड्रम सुरू झाला. जाड, गोल, छातीत वाजणारा. मग खंजिरी. पॉप्सचे हात इकडून तिकडे, तिकडून इकडे, तुकडा संपेचना. मुलं किंचाळत मध्ये धावली. ओपल गिरक्या घ्यायला लागली. आणि खिडकीतल्या मिस अर्नेस्टाइन ताडकन उठल्या.

सगळं बंद पडलं.

कोंबडीची चरबी तेवढी निखाऱ्यावर चरचरत होती. खिडकी रिकामी दिसली आणि मार्वाच्या मनात आलं, गेला सोमवार. गेले सगळे सोमवार.

मागचं दार उघडलं. मिस अर्नेस्टाइन सपाता फटकारत थेट पॉप्सच्या टेबलापाशी आल्या.

"सायरस! ही रेकॉर्ड कुठून आणलीस?"

"नाव सांगायचं नसतं, मिस अर्नेस्टाइन. आमच्यात नियम आहे."

"नियम गेला चुलीत! नाव मीच सांगते. कोपऱ्यावरच्या आमच्या चर्चची आहे ती. ड्रमवर ब्रदर वेंडेल, देव त्याला शांती देवो. आणि ती खंजिरी एक ठोका आधी पडते. पडते ना?"

पॉप्सनी डोळे बारीक केले. "पडते. दर खेपेला."

"ती मी."

पॉप्सनी सुई उचलून बाजूला ठेवली.

"हात घामेजले होते," मिस अर्नेस्टाइन म्हणाल्या. त्यांचा आवाज अचानक लहान मुलीसारखा झाला होता. "पहिल्यांदाच स्टुडिओत गेलो होतो आम्ही. घाई झाली माझी. पुन्हा वाजवू म्हटलं तर तो माणूस म्हणाला, वेळ संपली. मग जन्मभर चर्चमध्ये मला 'घाईची अर्नेस्टाइन' म्हणून चिडवलं सगळ्यांनी. मी परत खंजिरीला हात लावला नाही."

पॉप्सनी डोक्यावरची टोपी काढली. लिऑन चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला. बापाला असं टोपी काढताना त्याने फक्त मयताला पाहिलं होतं.

"मिस अर्नेस्टाइन, त्या ठोक्याची अख्खी बाग वाट बघायची. तो आधी पडला की नाचणाऱ्याचा तोल जायचा, आणि तोल सावरण्यातच खरी गंमत! माझ्या वैऱ्यांनी या रेकॉर्डसाठी दुकानं पालथी घातली. चर्चच्या गाण्यांच्या खोक्यात कोण हात घालणार? मला हिच्या दोन प्रती जुन्या सामानात मिळाल्या. कोण वाजवतंय ते मलाही ठाऊक नव्हतं."

"थांब. म्हणजे बागेत रात्रभर जो धुडगूस चालायचा..."

"तुमच्या तालावर, बाईसाहेब. लांबून खंजिरी ऐकू गेली नसेल एवढंच."

मिस अर्नेस्टाइनचा चेहरा आधी ओढला गेला, मग थरथरला. आणि मग त्या हसल्या. पोटातून, खांदे गदागदा हलवत, मार्वाच्या दंडाचा आधार घेत.

"आणि मी देवाला सांगतेय, थांबव, थांबव! त्याला हसू आवरत नसेल गं!" त्यांनी डोळे पुसले. "पण ते शिव्यावाले मला अजून आवडत नाहीत हं, सायरस."

"मला तरी सगळे कुठे आवडतात? तुम्हाला चर्चमधली सगळी प्रवचनं आवडतात?"

"विषय बदलू नकोस. लाव ते परत."

"लावू कसं? प्लग तुमच्या ताब्यात!"

हशा पिकला. "मार्वा, जा गं, लाव तेवढा," मिस अर्नेस्टाइन म्हणाल्या आणि ओपलच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरात जमिनीवर प्लग पडला होता. मार्वाने तो उचलला, पण टोस्टरच्या आड छिद्रं दिसेनात.

"आणि ऐक," खिडकीबाहेरून हाक आली, "ओट्यावरचा लाल डबा उघडू देऊ नकोस कोणाला. सोमवारचं ओपलचं जेवण बाजूला काढलंय त्यात!"

मार्वाने डब्याकडे पाहिलं. झाकणावर ओपलनेच कधीतरी चिकटवलेली चांदणी होती. तिने प्लग खोचला.

ड्रम सुरू झाला. तिने खिडकी पूर्ण वर सरकवली. बाहेर मिस अर्नेस्टाइन हात वर करून तयारीत उभ्या होत्या, मुकुटवाली ओपल त्यांच्याकडे बघून तसेच हात वर करून. मार्वानेही टोस्टरवर बोट आपटायचं ठरवलं. खंजिरी पडली. मिस अर्नेस्टाइनची टाळी बरोबर तिच्यावर, सगळ्यांच्या आधी. मार्वाचं बोट मात्र मागे राहिलं, आणि स्वतःशीच हसत ती पुढच्या फेरीची वाट बघू लागली.