एकाला एकच बक्षीस

आमच्या भागात कुणाचाही सत्कार होऊ शकतो. नवा ट्रॅक्टर घेतला म्हणून होतो, सोसायटीवर निवडून आला म्हणून होतो, आणि पडला तर जिद्दीनं लढला म्हणून होतो. शाली विकणाऱ्यांचं नारायणगावात बरं चालतं. त्यामुळे दोन हजार दोन साली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि मी, खोडदची स्वप्ना भागुजी रोकडे, सगळ्या ब्रँचेस मिळून कॉलेजात पहिली आले, तेव्हा माझाही सत्कार होणार हे उघडच होतं. तो झालाही. ती गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. येऊ दे.

आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. निकालाच्या दिवशी त्यांनी डेपोत कंट्रोलरपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. कुणी कौतुकानं विचारलं, "पोरींत पहिली का?" की ते चिडायचे. "पोरींत न्हाई राव. सगळ्यांत!" आईला त्यातला फरक कळत नव्हता. ती शाळेत गेली नव्हती. 'पहिली' एवढंच तिला कळलं होतं आणि तेवढं ती वस्तीवर घरोघर सांगून आली होती.

दुसरी आली होती वृषाली. वारूळवाडीची, द्राक्षबागायतदारांची मुलगी. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. माझ्या डब्यातला ठेचा तिला फार आवडायचा. तिच्या घरी मी एकदाच गेले, तेही ओट्यापर्यंत. पण त्याचं मला तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं. मैत्रीण होती माझी.

कॉलेजचा गुणगौरव समारंभ गणपतीच्या आधी ठरला. दोन दिवस राहिले असताना डुंबरे सरांनी मला लायब्ररीच्या जिन्यात गाठलं. ते आम्हाला मायक्रोप्रोसेसर शिकवायचे आणि आवाज बरा म्हणून कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही त्यांच्याच गळ्यात पडायचं. ते म्हणाले, "स्वप्ना, तुझं नाव 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांतून प्रथम' असं वाचायचं आहे. सुवर्णपदक वृषालीला." एवढं बोलून ते स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. मी तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

प्राचार्य मुळीच रागावले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, हेही आधी कधी झालं नव्हतं. "चूक नाही," ते म्हणाले. "आपल्याकडे नियम आहे. एका विद्यार्थ्याला एकच बक्षीस. सगळी बक्षिसं देणगीदारांची असतात, त्यांनाही वाटतं आपल्या बक्षिसाला वेगळा विद्यार्थी हवा. वाटून दिलं की सगळे खूश राहतात."

"मग मला सुवर्णपदकच द्या."

"आणि कुंडलिकशेठचं काय करू? त्यांनी यंदाच आईच्या नावानं मागासवर्गीयांसाठी बक्षीस ठेवलंय. स्वतः येणार आहेत. तुझ्याशिवाय दुसरं कुणी सगळे विषय सुटलेलं आहे का त्यात? त्यांना काय सांगू, यंदा बक्षीस घ्यायला कुणीच नाही?"

म्हणजे शेठचा हिरमोड होऊ नये म्हणून मी दुसरी व्हायचं होतं. तेही नाही, दुसरीसुद्धा नाही. दुसरीचं बक्षीस तिसऱ्याला गेलं होतं. मी रांगेतूनच बाहेर गेले होते.

"सर, पण मग मी पहिली आहे की नाही?"

"आहेस की! तुमच्यात पहिलीच आहेस ना." ते हसले. वाईट हेतूनं नाही. मला धीर द्यायला हसले, आणि म्हणूनच मी ते विसरलेले नाही. पुढे म्हणाले, "आणि शाल दोघींना सारखीच आहे."

मी उठले नाही. म्हटलं, "मग माझं नाव घेताना माईकवर एवढं तरी सांगा. सगळ्या कॉलेजात पहिली. तीन शब्द आहेत. बक्षीस कुठलं द्यायचं ते द्या."

"बघू."

"बघू नाही सर. सांगतो म्हणा."

त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं, चहा सांगितला, आणि मग म्हणाले, "बरं बाई. डुंबरेंना सांगतो."

मी घरी काही बोलले नाही. आबांनी जीप ठरवली होती. आई, शेजारच्या लंकाबाई, विहाराचं सगळं बघणारे गेणभाऊ, वस्तीवरची आणखी चार-सहा माणसं, सगळी येणार होती. लंकाबाईंनी तर नवीन पातळ काढलं होतं. या माणसांच्या कानांवर ते तीन शब्द पडले की मला बाकी काही नको होतं. पदक म्हणजे काय, पत्र्यावर सोन्याचं पाणी. मला ते शब्द हवे होते. माईकवर, सगळ्यांसमोर, माझ्या नावापुढे.

कॉलेजला तेव्हा सभागृह नव्हतं. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्येच मांडव घातला होता. लेथ मशिनी भिंतीकडे सरकवता येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर पडदे टाकले होते आणि त्यांच्या मधून खुर्च्यांच्या रांगा काढल्या होत्या. आमची माणसं मागच्या बाजूला, ड्रिलिंग मशीनपाशी बसली. पुढच्या रांगा देणगीदारांच्या होत्या.

प्रमुख पाहुणे पुण्याचे कारखानदार. ते उशिरा आले आणि आल्याआल्या सांगून मोकळे झाले की मंचरला दुसरा कार्यक्रम आहे. मग सत्कार सुरू झाले. संस्थेच्या अध्यक्षांनी पाहुण्यांचा केला, पाहुण्यांनी अध्यक्षांचा केला. देणगीदारांना फेटे बांधले, आणि फेटे बांधणारा एकच माणूस असल्यानं ते बराच वेळ चाललं. कुणाचं नाव राहिलं म्हणून कुणी रुसलं, त्याची समजूत काढून त्यालाही बांधला. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ती आम्ही पोरं भिंतीला पाठ लावून उभी होतो. मधेच अध्यक्ष भाषणाला उठले आणि ग्रामीण भागातल्या गुणवत्तेबद्दल इतकं बोलले, इतकं बोलले, की गुणवत्तेला वेळच उरला नाही.

शेवटी डुंबरे सरांनी यादी हातात घेतली. पाहुणे घड्याळाकडे बघत होते. प्राचार्यांनी स्टेजवरूनच सरांना आटपा, आटपा अशी खूण केली.

माझं नाव आलं. "मागासवर्गीय विद्यार्थ्यांतून प्रथम, कुमारी स्वप्ना रोकडे."

मी थांबले. पुढचे शब्द यायचे होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं, आणि पान उलटलं.

मी स्टेजवर गेले. कुंडलिकशेठनी माझ्या हातात पाकीट दिलं आणि खालच्या आवाजात, अगदी मनापासून, म्हणाले, "आमच्या आईला तुमच्या लोकांची लई माया व्हती." पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. मी त्यांना म्हटलं, "सर, मी सगळ्या कॉलेजात पहिली आले आहे." मोठ्यानं म्हटलं. पण माईक डुंबरे सरांनी छातीशी धरला होता. पाहुणे म्हणाले, "वा, वा! शाब्बास!" आणि त्यांनी माझे खांदे धरून मला फोटोवाल्याकडे वळवलं. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा."

तेवढ्यात टाळ्यांचा आवाज आला. सगळ्यात आधी आबा उठून उभे राहिले होते. ते वाजवताहेत म्हटल्यावर आमची सगळी रांग उठली. आबांचा चेहरा फुलला होता. मला वाटलं, त्यांना कळलेलंच नाही. मला वाईट वाटलं. स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी. डेपोत भांडून भांडून 'सगळ्यांत' म्हणणारा माझा बाप, आणि त्याला समोरासमोर फसवलं गेलंय हेही त्याला कळू नये!

यानंतर लगेच सुवर्णपदक. "सर्व शाखांमधून प्रथम, कुमारी वृषाली..." हे मात्र सरांनी पूर्ण वाचलं. मान वर न करता वाचलं. वृषालीनं निळी रेशमी साडी नेसली होती. तिला टाळ्या जास्त पडल्या, पुढच्या रांगा तिच्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर तिनं मला वर्कशॉपच्या मागे गाठलं. रडवेली झाली होती. "मला आज सकाळी कळलं गं."

"निकाल तर तुला जुलैतच कळला होता."

"असं नको ना बोलू. मी परत करू का हे? तू सांग फक्त."

"कर."

तिला हे अपेक्षित नव्हतं. नको गं, असू दे, आपल्यात काय एवढं, असं काहीतरी मी म्हणेन, मग आम्ही गळ्यात पडू आणि तिचं मन हलकं होईल, असं तिला वाटलं असावं. ती पदकाची डबी या हातातून त्या हातात करत राहिली. मग म्हणाली, "आज पप्पांचे एवढे पाहुणे आलेत. घरी गेल्यावर बोलते त्यांच्याशी." ती काय बोलली ते मला कधी कळलं नाही. आम्ही पुन्हा भेटलोच नाही.

मी मांडवात आले तर प्राचार्य पोह्यांची बशी घेऊन उभे होते. "नाराज नाहीस ना?" ते म्हणाले. "अगं, घाईत राहून गेलं ते. पण तुझे वडील समजूतदार आहेत हो. काल मीच डेपोत जाऊन त्यांच्या कानावर घातलं. म्हटलं उगाच ऐनवेळी गैरसमज नको. एका शब्दात हो म्हणाले. आणि दिवाळीनंतर तुला इथंच लेक्चरर म्हणून घ्यायचं आमच्या मनात आहे, तेही त्यांना सांगितलंय."

म्हणजे आबांना कळलं होतं. उठून उभे राहिले, आधी टाळ्या वाजवल्या, ते सगळं कळूनच.

ते नळावर हात धूत होते. मी मागे जाऊन उभी राहिले.

"आबा, प्राचार्य काल तुमच्याकडं आले होते?"

"आलते ना! सोता डेपोत आलते. सगळ्यांनी बघितलं. कंट्रोलर खुर्ची द्यायला लागला तर न्हाई म्हणले, माझ्यासंगं उभ्यानं बोलले."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

त्यांनी हात रुमालाला पुसले. फार वेळ पुसले. "लेक्चरर लावतो म्हणले. गावात राहून, घरचं खाऊन नोकरी. त्या पदकाचं काय लोणचं घालायचं हाय का?"

"मला विचारायचं तरी."

"तू न्हाई म्हणली असती," आबा म्हणाले आणि जीपकडे चालायला लागले.

मला रडू येत नव्हतं. संताप येत होता, आणि त्यातही मी त्यांचीच बाजू शोधत होते. मोठ्या लोकांशी वाकडं घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. प्राचार्यांपुढे त्यांची जीभ वळली नाही, ठीक आहे. पण आपल्या माणसांत तरी ते खरं सांगतील. तेवढं त्यांनी केलं तर मी बाकीचं गिळून टाकीन, असं मी मनाशी ठरवलं आणि जीपमध्ये बसले.

खोडदचा रस्ता लागला. सगळे खुशीत होते. गेणभाऊ पुढे बसून ड्रायव्हरला माझ्या अभ्यासाबद्दल सांगत होते. आई माझ्या शेजारी, मांडीवर नारळ घेऊन. लंकाबाई बराच वेळ काहीतरी विचार करत होत्या. मग त्यांनी विचारलंच.

"भागुजी, मला येक सांगा. आपली स्वप्ना पयली आली. मंग ती निळ्या साडीवाली पोरगी, ती बी पयलीच म्हणले की वो. दोन-दोन पयल्या कशा?"

आईनं आबांकडे पाहिलं. गेणभाऊंनी मान मागे वळवली. मी आबांच्या तोंडाकडे बघत राहिले. जीपमध्ये अध्यक्ष नव्हते, शेठ नव्हते, प्राचार्य नव्हते. सगळी आमचीच माणसं होती. आपली पोरगी सगळ्यांत पहिली, एवढंच म्हणायचं होतं. कुणी ऐकून नोकरी काढून घेणार नव्हतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"असत्यात दोन, लंकाबाई," ते म्हणाले. "एक त्यांच्यातली, एक आपल्यातली."

"हां," गेणभाऊ म्हणाले. "ते बराबर हाय."

"आस्सं व्हय!" लंकाबाईंनी समाधानानं माझ्या पाठीवर थाप मारली. "मंग आपल्यातली तर आलीच की पयली!" सगळे हसले. आईही हसली आणि तिनं माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. प्राचार्यांना जे मला पटवता आलं नव्हतं, ते आबांनी एका वाक्यात सगळ्या जीपला पटवलं.